हौद्यातली बैठक

चन्नाप्पाची पिकअप जुनी होती आणि डोलायची. रिकामी असली तर कमी, गुरांसाठी उसाच्या वाढ्याचे भारे रचले की जास्त, आणि वळणावर तर अशी कलायची की मागून येणारा मोटारसायकलवाला आपोआप ब्रेक दाबायचा. चन्नाप्पाला त्याचं काही वाटत नव्हतं. घरातलं दार कुरकुरतं म्हणून कोणी घर सोडत नाही. तो स्टिअरिंगवर बसला की गाडीबरोबर स्वतःही कलायचा आणि गाडीबरोबरच सरळ व्हायचा.

सकाळी दुधाचे कॅन, दुपारी वाढं, आणि गावात लिंगायतांपैकी कोणी गेलं की त्याला रुद्रभूमीपर्यंत पोचवणं, ही गाडीची तीन कामं. तिसरं काम त्यानं कुणी न सांगता अंगावर घेतलं होतं. लिंगायताचा माणूस आडवा जात नाही. त्याला आंघोळ घालतात, कपाळाला विभूती लावतात, केळीच्या खुंटांनी सजवलेल्या विमानात मांडी घालून बसवतात आणि तो बसून जातो, सगळ्यांना तोंड दाखवत. आधी हे विमान माणसांच्या खांद्यावरून जायचं. पुढं खांदे देणारे कोणी पुण्याला गेले, कोणी कागलच्या कारखान्यांत शिफ्टला लागले, आणि विमान चन्नाप्पाच्या पिकअपच्या हौद्यात चढलं.

गेल्या साली ऊसतोडीच्या दिवसांत शिवलिंगाप्पा वारला. मोठा माणूस. देवळाच्या कट्ट्यावर तो बसला की पोरं विडी लपवायची. त्याला घेऊन गाडी निघाली, आणि विहिरीच्या वळणावर, जिथं उसाच्या ट्रॉल्यांनी रस्त्यात गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या, तिथं डावं चाक खाली गेलं. गाडी कलली. दोन्ही लेकांनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं, तरी शिवलिंगाप्पा हळूच, झोप आल्यासारखा, थोरल्याच्या मांडीवर आडवा झाला आणि त्याचा पटका सुटून चिखलात गेला. समोर उसाचा ट्रॅक्टर अडकला होता, त्याच्या ड्रायव्हरनं त्याच वेळी हॉर्न वाजवला. कुणीतरी फिस्सकन हसलं. हसणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण हसलं एवढं खरं. तेव्हापासून गावात कोणी दारू पिऊन झोकांड्या खायला लागला की बायका म्हणायच्या, "शिवलिंगाप्पा झालाय बघा." बिचाऱ्याचं आयुष्यभराचं ताठ बसणं एका वळणात गेलं.

रत्नव्वा, चन्नाप्पाची बायको, त्या दिवशी पिकअपच्या मागनं चालत होती. तिनं तो पटका उचलून झाडला होता.

यंदा ऊसतोड सुरू झाली तेव्हा रत्नव्वा पुढच्या सोप्यात, दाराशी, बाजेवर होती. पोटात गाठ. कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरनं मृत्युंजयला, तिच्या लेकाला, बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं आणि चन्नाप्पाला एवढंच म्हटलं होतं, "आता घरीच ठेवा." चन्नाप्पानं मान हलवली, जिना उतरला आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीच्या टायरांत हवा आहे का ते बघितलं. हवा होती. तरीही तो चारी टायरांना लाथ मारत एक फेरी फिरला.

त्याला रडू येत नव्हतं. आज येईल, उद्या येईल, म्हणून तो वाट बघत होता. पाहुणे यायचे, बाजेशी बसून डोळे पुसायचे, आणि तो त्यांच्या चहाची व्यवस्था बघायचा. स्वतःच्याच घरात आपण चहा द्यायला आलेलो कोणी परका आहोत असं त्याला वाटायचं. त्या वाटण्याची त्याला भीती वाटत होती, पण भीतीसुद्धा लांबून कुणाची तरी असल्यासारखी.

एका सकाळी तो दूध घालून आला, तर रत्नव्वा भिंतीला टेकून बसली होती. दारातून अंगणातली पिकअप दिसत होती.

"आवं, ऐका," ती म्हणाली.

"काय?"

"मला शिवलिंगाप्पागत न्हेऊ नगा."

चन्नाप्पानं कॅनचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

"काय बी बोलतीस."

"काय बी न्हाय. मी तशी पडली, तर ही गावातली माणसं नातवंडांच्या लग्नात बी हसतील. मला नीट बसवून न्ह्या. गाडीचं काय करायचं ते करा."

एवढं बोलून तिला धाप लागली. सुनेनं, शांभवीनं, पाणी आणलं. चन्नाप्पा अंगणात गेला आणि गाडीखाली वाकून बघत बसला. त्याला हायसं वाटलं होतं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली. त्याला करायला काहीतरी काम मिळालं होतं.

आधी त्यानं आपल्या डोक्यानं केलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एकेक जादा पाटा घालून घेतला. डोलणं म्हणजे गाडी बसणं, आणि पाटा वाढवला की गाडी बसत नाही, असा त्याचा हिशोब. गाडी उचलली गेली खरी, पण डोलायची ती डोललीच, वर आता खड्ड्यात उडायलाही लागली. दुधाचे दोन कॅन कलंडले. मग त्यानं हौद्यात वाळूची पोती टाकून बघितली. पोती होती तिथंच बसली आणि गाडी पोत्यांसकट डोलली.

शेवटी तो कागलला हायवेवर गुंडू मिस्त्रीकडं गेला. गुंडू त्याच्या वयाचा, पोट सुटलेला, बोलायला लागला की पाना हातात धरून बोलणारा. त्यानं गाडीचा एक कोपरा हातानं दाबला, सोडला, आणि हसला.

"पाटं वाढिवलं व्हय? कुणी सांगितलं?"

"मीच."

"ते वज्जं उचलायला. डोलाय नव्हं. आण्णा, तुमच्या गाडीला मागं बारच न्हाय. पुढला हाय तो बी नावाला."

"कसला बार?"

गुंडूनं मागच्या ढिगातून एक काळा गज ओढून आणला. मनगटाएवढा, दोन्ही टोकांना वाकवलेला, भंगारात आलेल्या नव्या गाडीचा. "ह्यो. मधनं एक्सलला धरायचा, टोकं चासीला. वळणावर एका बाजूनं गाडी दबाय लागली की ह्यो पिळतोय आणि दुसऱ्या बाजूला बी खाली वडतोय. एकटी बाजू खाली जाऊच देत न्हाय."

"म्हंजे डोलणार न्हाय?"

"अजिबात न्हाय असं कसं म्हणू? पण माणूस पडायचा न्हाय." मग पाना खाली ठेवून गुंडूनं विचारलं, "कुणासाठनं?"

"घरातली," चन्नाप्पा म्हणाला.

गुंडूनं पाना परत उचलला. जादा घातलेले पाटे त्यानं त्याच दिवशी काढून टाकले.

पुढचे दिवस चन्नाप्पाचे गाडीखाली गेले. सकाळी दूध घालायचं, जेवणाचा डबा घ्यायचा आणि कागल गाठायचं. चासीवर गंज इतका होता की ब्रश मारताना नाकातोंडात लाल धूळ जायची. गुंडूनं वेल्डिंग करून बारची टोकं धरायला पट्ट्या लावल्या, मागं एक बार, आणि पुढचा बदलून जाड. घरी येताना चन्नाप्पाच्या हातांना ग्रीसचा वास यायचा आणि तो तसाच, हात धुऊनही, जेवणात उतरायचा. शांभवी नुसती वाढायची.

मृत्युंजय बोलला. पहिल्या पाळीवरून आला होता, कंपनीचा शर्टही काढला नव्हता.

"अप्पा, अव्वा दिवसभर दाराकडं बघत बसतीया."

"गाडीचं काम हाय."

"गाडी पळून जात न्हाय की."

"मग काय करू? जवळ बसून काय करू सांग की. मला काय येतंय?"

चन्नाप्पानं खरंच विचारलं होतं. बायकोचं अंग दुखत असताना नवऱ्यानं नेमकं काय करायचं असतं हे त्याला कोणी कधी शिकवलं नव्हतं, आणि सगळी म्हणायची, नुसतं बसा. नुसतं बसणं त्याला जमत नव्हतं. ती कण्हली की त्याचा हात पाना शोधायचा.

बार बसले त्या दिवशी त्यानं घाई केली. गाडी अजून जॅकवर होती, चाकं लोंबकळत होती, गुंडू जेवायला गेलेला. चन्नाप्पानं सगळे नट स्वतःच करकचून आवळले, जॅक उतरवला आणि गाडी काढली. दोन मैल गेला नाही तोच मागून किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला आणि गाडी एका बाजूनं उचलल्यासारखी वाटायला लागली. तो परत फिरला.

गुंडूनं खाली वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"आण्णा, चाकं वर असताना आवळलं व्हय? त्यो रबराचा बुश पिळून बसलाय बघा. गाडी खाली सोडायची. वज्जं अंगावर येऊ द्यायचं. मग आवळायचं."

"मला वाटलं लवकर हुईल."

"हुतंय, पण मग जल्मभर वरडत बसतंय."

गुंडूनं नट सगळे सैल केले. गाडी चारी चाकांवर उभी केली, मागं वाळूची पोती टाकली, मग पोटावर झोपून एकेक नट परत आवळला. चन्नाप्पा बाजूला उभा राहून बघत होता. आवाज बराच गेला. पुरता गेला नाही. एक बुश जरा चिरला होता, तो वळणावर अजून बारीक वाजायचा.

रविवारी मृत्युंजय घरी होता. चन्नाप्पानं अंगणात गाडी लावली आणि सोप्यात येऊन सांगितलं, "झालं. आता डोलत न्हाय."

रत्नव्वानं डोळे उघडले. "बसून बगते."

"काय?"

"हौद्यात. मला बसवा. रुद्रभूमीच्या फाटकापातूर जाऊन येऊ."

शांभवीनं तोंडाला पदर लावला. मृत्युंजय म्हणाला, "अव्वा, असं कुठं असतंय व्हय? जित्या माणसानं..."

"जिती हाय तवाच कळंल की. मेल्यावर कुणाला सांगू, डोलली का न्हाय ते?"

तिचं वजन राहिलं नव्हतं. मृत्युंजयनं दोन्ही हातांवर उचलली आणि हौद्यात घोंगड्यावर ठेवली. पाठ केबिनला, मांडी घालून. शांभवी बाजूला बसली. चन्नाप्पानं मागची काच पुसली आणि स्टिअरिंगवर बसला.

गाडी गल्लीतून निघाली तशी गल्ली दारात आली. कुणाला हसावं की रडावं ते कळेना. समोरच्या धोंडुबाईला या हौद्यात कुणी बसून निघालं की हात जोडायची सवय झालेली. तिनं तांब्या खाली ठेवून डोळे मिटून हात जोडले.

"धोंडे, अगं अजून हाय की मी!" रत्नव्वा ओरडली. आवाज बारीक होता, पण ऐकू गेला.

धोंडुबाईनं डोळे उघडले, हात तसेच राहिले, आणि मग ती आपल्याच उंबऱ्यावर बसून हसतही होती आणि रडतही होती. पुढं तीन-चार घरं सगळेच हसले. त्यात वाईट काही नव्हतं. चन्नाप्पानं आरशात बघितलं. घरांकडं तोंड वळवून रत्नव्वाही हसत होती. त्याला तिचं हसणं बरेच दिवस दिसलं नव्हतं, आणि आता दिसलं तरी त्याच्या आत काही हललं नाही. त्यानं गिअर बदलला.

विहिरीचं वळण आलं. चाकोऱ्या तशाच होत्या, उलट यंदा जास्त खोल. डावं चाक खाली गेलं. चन्नाप्पा सवयीनं डावीकडं कलला. गाडी कलली नाही. थोडी खाली बसली, खालून बारीक किर्र झालं, आणि सरळच्या सरळ बाहेर आली. तो एकटाच शेजारच्या सीटवर कललेला होता.

रुद्रभूमीच्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली आणि मागं आला.

"डोलली?"

"न्हाय," रत्नव्वा म्हणाली. ती फाटकाच्या आत बघत होती. आत तिच्या सासूची समाधी होती, त्यावर बोराचं झुडूप उगवलं होतं. "ते बोराटं काढा की कुणीतरी."

"काढतो. बुश जरा वाजतोय. उद्या गुंडूकडं जाऊन बदलून आणतो, मग..."

"वाजू दे."

"चांगलं न्हाय वाटत."

"वाजू दे म्हणते न्हवं." ती दम घ्यायला थांबली. "आता ही गाडी कुणीबी चालवंल? ह्या वळणावर?"

"चालवंल की. शिकाऊ माणूस बी चालवंल."

"मग त्या दिवशी तुमी चालवायची न्हाय." तिनं शेजारच्या घोंगड्यावर हात ठेवला. "तुमी हितं बसायचं."

चन्नाप्पा तिच्या हाताकडं बघत राहिला.

"एवढ्यासाठनं सांगितलं व्हय बार घालायला?"

"मग काय? पडायचं काय, मेल्यावर मला काय कळणार हाय? तुमी म्हणाल, दुसरा कोण चालवंल तर पाडंल, म्हणून मीच बसतो पुढं. मला ठावं हाय की. लगीन करून आणली तवा बैलगाडीत बी पुढंच बसलंता. दवाखान्यात न्हेतानं बी. मी मागं झोपलेली, आणि काचंतनं तुमची मान दिसायची. जल्मभर मानच बघितली बघा तुमची."

शांभवी हौद्यातून उतरली आणि उगाचच बोराच्या झुडपाकडं गेली. चन्नाप्पा हौद्याच्या कडेला हात ठेवून उभा राहिला. आपल्या आतले नट सगळे जॅकवरच आवळल्यासारखे आहेत, एवढंच त्याच्या मनात आलं आणि ते तो कुणाला सांगणार होता?

"बसतो," तो म्हणाला.

"आता घराकडं वळवा. ऊन लागतंय."

त्या दिवसापासून तो कागलला गेला नाही. दूध घालून आला की बाजेशेजारी पोतं टाकून बसायचा. जमायचं नाही, तरी बसायचा. रत्नव्वा कधी त्याचा हात नाकाशी न्यायची आणि म्हणायची, "अजून ग्रीसच हाय." तो हसायचा प्रयत्न करायचा. एका दुपारी, बाहेर उसाच्या ट्रॉल्या घरघरत जात असताना, ती गेली. तो जवळ होता. तिचा हात त्याच्या हातात होता आणि तो हातही त्यानं कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला, कारण सोडल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

सांगावा जाताच कागलहून गुंडू मिस्त्री आला. कोणी विचारायच्या आत त्यानं चावी मागून घेतली. "गाडी मी चालिवतो," म्हणाला. "माझ्या हातचं काम हाय."

रत्नव्वाला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, विभूती लावली. विमानाला केळीचे खुंट बांधले. एका बाजूला मृत्युंजय बसला, दुसऱ्या बाजूला चन्नाप्पा. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या हौद्यात बसला होता आणि त्याला कळलं की इथून समोरचा रस्ता दिसत नाही. मागं राहिलेलाच दिसतो. गल्ली मागं गेली. धोंडुबाईनं हात जोडले आणि क्षणभर ती रत्नव्वाच्या ओरडण्याची वाट बघत थांबल्यासारखी वाटली. या वेळी कोणी ओरडलं नाही.

विहिरीपाशी उसाचा ट्रॅक्टर उभा होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि डोक्याचं फडकं काढलं.

गुंडूनं गाडी हळू केली. डावं चाक चाकोरीत उतरलं. चन्नाप्पाचा हात उठला, तिच्या खांद्याला आधार द्यायला, शिवलिंगाप्पाच्या लेकांनी दिला होता तसा. गाडी थोडी बसली आणि सरळ बाहेर आली. रत्नव्वा होती तशीच होती, ताठ, मागच्या रस्त्याकडं तोंड करून. तिला कुणी धरायची गरज नव्हती. सगळं काम चोख झालं होतं, आणि त्याचा हात हवेत राहिला होता.

धरायचं काही कारण नव्हतं. त्यानं धरलं. लुगड्याखाली खांद्याचं हाड लागलं, आणि तेव्हा कुठं ओझं अंगावर आलं.

खाली बुश किर्र वाजला.

"वाजू दे," चन्नाप्पा मोठ्यानं म्हणाला, आणि केळीच्या खुंटाआडून मृत्युंजयनं बघितलं, तर बापाचं तोंड ओलं झालं होतं. रुद्रभूमीचं फाटक येईपर्यंत त्यानं तिच्या खांद्यावरचा हात काढला नाही.